निरोगी माणूस क्रमांक अकरा

आमच्या घराण्यात डॉक्टर म्हणावा असा मी एकटाच, आणि मला साधा ताप उतरवता येत नाही. माझी पीएच.डी. आहे, औषधं द्यायची पदवी नाही. पण हे वाक्य आमच्या नातेवाइकांत आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही. लग्नाची पंगत उठायच्या आत कुणीतरी बाही वर सारून गळू दाखवतंच. एका मावशीनं मला हळदीच्या कार्यक्रमात बाजूला घेऊन गुडघा दाबायला लावला होता. ‘सूज कशानं आलीया बघ की जरा.’ मी म्हटलं, मावशी, मी सुजेचाच अभ्यास करतो, पण उंदरांच्या. मावशीनं पटकन गुडघा झाकून घेतला. तेव्हापासून मी उंदराचा डॉक्टर.

नाव तसं चुकीचं नव्हतं. आपल्या अंगात काही परकं घुसलं, की सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या काही पेशी असतात. त्यांना शिकवावं लागत नाही, ती धाव जन्मजातच असते. त्या धावपळीचंच बाहेरून दिसणारं रूप म्हणजे सूज, लाली, ताप, ठणका. त्यांच्यातल्या एका जातीला भक्षक पेशी म्हणतात. समोर येईल ते गिळायचं आणि पचवायचं, एवढंच तिचं काम. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत गेली अठरा वर्षं मी ह्या पेशींना बारीक वाळू खायला घालतो आणि त्या कशा मरतात ते मोजतो.

हे वाक्य मी पूर्वी लोकांना हसत सांगायचो.

माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, यजमान शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला होते. लोखंडाचा ओतीव भाग साच्यातून बाहेर येतो तेव्हा त्याला वाळू चिकटलेली असते, आणि कडांना धातूच्या मिशा फुटलेल्या असतात. ते सगळं ग्राइंडर लावून घासून काढायचं, ह्याला फेटलिंग म्हणतात. दाजी सकाळी गोरेपान जायचे आणि संध्याकाळी राखाडी होऊन यायचे. तोंडाला रुमाल बांधायचे. मास्क मिळायचे, पण तपासणीचा साहेब येणार असला तरच. तो गेला की मास्क परत जमा करून घ्यायचे, कारण पुढच्या तपासणीला तेच लागायचे. दाजी हा किस्सा इतका रंगवून सांगायचे की आम्ही जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसायचो.

एकदा माझा प्रयोग अडला होता. आम्हाला लागणारी वाळू परदेशातून येते. ठरलेल्या मापाची, शुद्ध, इवल्याशा बाटलीत. ती बाटली कुठल्याशा विमानतळावर अडकून पडली होती. सोमवार होता, म्हणजे दाजींची सुट्टी. अक्का आणि ते आमच्याकडे जेवायला आले होते आणि मी तोंड पाडून बसलो होतो.

“काय झालं मेव्हणं? उंदीर पळालं काय?”

“वाळू आली नाही, दाजी.”

“कुटनं येनार हुती?”

“परदेशातून.”

दाजींनी हातातला घास ताटात ठेवला. “शिरोलीत वाळूचं डोंगर पडल्यात आणि तुमी परदेशातनं वाळू मागवताय व्हय? ह्यो माणूस शिकलाय, अक्का तुझा भाऊ.” अक्काला ते सगळ्यांसमोर अक्काच म्हणायचे, आमची ऐकून ऐकून.

पुढच्या सोमवारी त्यांनी जेवणाचा डबा आणला. त्याच्या खालच्या पुडात एरवी अक्काची शेंगदाण्याची चटणी असायची. आज त्यात राखाडी धूळ होती, पावडरीसारखी मऊ. मी बोटावर घेऊन बघितली. फार बारीक होती. विचारलं, एवढी बारीक कुठं मिळाली? वाळूच्या ढिगात तर अशी सापडत नाही.

“ढिगात कशाला जाऊ? खिडकीच्या कट्ट्यावर बसल्याली असत्या. हातानं वढून घ्यायची. एका पाळीत वाटीभर निघत्या.”

खिडकीच्या कट्ट्यावर जी धूळ बसते, ती हवेतून येऊन बसते. आणि ज्या हवेतून ती येते, तीच हवा खोलीतला माणूस ओढतो. हे समजायला पीएच.डी. लागत नाही. माझ्याकडे ती होती, आणि मी म्हणालो, “वा दाजी, मापाची आहे अगदी.”

ती धूळ मी भट्टीत भाजली, रवा भाजावा तशी, म्हणजे तिच्यावर बसलेल्या जंतूंचे अंश जळून जावेत. मग ती उंदरांच्या पेशींना घातली. परदेशी वाळूनं पेशी मरत होत्या तशाच शिरोलीच्या वाळूनंही मेल्या, जरा लवकरच. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच फोन लावला. “दाजी, तुमची वाळू पास झाली.”

ग्राइंडरच्या आवाजात ते ओरडून म्हणाले, “मग. कोल्हापूरचा माल हाय.”

त्या वर्षी गणपतीत सगळी भाचरं जमली होती आणि त्यांना गोष्ट पाहिजे होती. गोष्टी सांगणं हा आमच्याकडे माझा प्रांत. मुलं शेवटाला पोचेपर्यंत मोठी झोपलेली असतात, अशी माझी ख्याती आहे. मी त्यांना पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली. एका राजाच्या किल्ल्यावर पहारेकरी असतात, ते चोराला पकडत नाहीत, सरळ गिळतात आणि पचवतात. एकदा दगडाचा चोर येतो. पहारेकरी त्याला गिळतो, पण तो पचत नाही. पोटात टोचतो. पहारेकऱ्याचं पोट फुटतं, मरता मरता तो मोठ्यानं ओरडतो, आणि ती ओरड ऐकून दुसरे दहा पहारेकरी धावत येतात. चोर तिथंच पडलेला असतो, जसाच्या तसा. आता दुसरा त्याला गिळतो.

“मग त्यो चोर मरतो कवा?” हा प्रश्न मुलांचा नव्हता, दाजींचा होता.

“मरत नाही. पहारेकरीच मरत राहतात. आणि त्यांच्या धावपळीत किल्ल्याच्या भिंती पडतात.”

“लई भारी,” दाजी म्हणाले. ती गोष्ट त्यांनी फौंड्रीत चहाच्या सुट्टीत सांगितली. सगळ्यांना आवडली, असं पुढच्या सोमवारी कौतुकानं मला कळवलंही.

उंदरांचं झाल्यावर माणसांच्या पेशींवर तेच बघायचं ठरलं. त्यासाठी निरोगी माणसांचं रक्त लागतं. आता निरोगी माणूस आणायचा कुठून? रस्त्यावर कुणाला थांबवून, जरा रक्त देता का, असं विचारता येत नाही. तेव्हा आमच्याकडे रीत अशी, की ज्याचा प्रयोग त्यानं आपली माणसं आणायची. बायको, मेहुणा, साडू, शेजारी. रीतसर फॉर्म असतो, परवानगी असते, नावाच्या जागी क्रमांक असतो. पण गोळाबेरीज केली तर आमच्या विभागातलं निरोगी माणसाविषयीचं सगळं ज्ञान हे एकमेकांच्या सोयऱ्यांविषयीचं ज्ञान आहे.

दाजींना विचारलं तर ते एका पायावर तयार. त्या काळी आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर ते गावाकडचा तांदूळ घेऊन यायचे. त्यांचं गाव मलकापूरजवळ. पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेऊन, लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले न थांबता चढायचे, आणि वर आल्यावर मला दम लागलेला असायचा, कारण मी मोकळ्या हातानं त्यांच्यामागून आलेलो असायचो. माझ्या ओळखीतला सगळ्यात निरोगी माणूस तोच होता. ह्यात मी खोटं काही धरलं नव्हतं.

फॉर्म मीच भरला. त्यांचा चष्मा घरी राहिला होता.

“धूम्रपान?”

“न्हाय.”

“तंबाखू?”

“अक्का हितं न्हाय न्हवं? थोडी. लिवू नका.”

मी लिहिलं. तेवढा प्रामाणिकपणा मी दाखवला.

“खोकला, दम, ताप?”

“खोकला काय, वाळूचा असतोय की. सगळ्यास्नीच असतोय शॉपमदी. त्यो काय आजार न्हाय.”

मी लिहिलं: नाही.

त्याच्याखाली व्यवसायाचा रकाना होता. मी विचारलंसुद्धा नाही. मला माहीत होतं ना. आपल्याकडं बँकेच्या फॉर्मवर, शाळेच्या दाखल्यावर, मुलीच्या स्थळाच्या कागदावर जे लिहितात तेच मी लिहिलं: खासगी नोकरी. फौंड्री असं लिहिलं असतं तर तो फॉर्म पुढच्या टेबलावरच अडला असता. त्या रकान्याचं तेवढंच काम होतं.

दाजींना क्रमांक मिळाला अकरा.

आमच्या तपासणीत शेवटी एक प्लेट येते. तिला खोलगट ठिपक्यांसारखे लहान लहान खड्डे असतात. पेशींनी जेवढी ओरड केली असेल तेवढा त्या खड्ड्यातला रंग पिवळा होतो. वाळू घातलेले खड्डे पिवळे व्हायला पाहिजेत आणि वाळू न घातलेले पाण्यासारखे. त्या दिवशी दहा निरोगी माणसांचे, वाळू न घातलेले खड्डे पाण्यासारखे होते. अकरावा हळदीसारखा होता. ह्या पेशींना आम्ही काहीच दिलं नव्हतं, आणि त्या आधीपासूनच ओरडत होत्या.

आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाई हुशार आहेत आणि फार बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “सर, ह्यांचं परत घेऊया का?”

“कशाला? नळी दूषित झाली असेल.”

हे उत्तर आमच्या धंद्यात नेहमी तयार असतं. जंतूचा एक अंश, डोळ्याला काय सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा, नळीत गेला की पेशी अशाच ओरडतात. दहातल्या आठ वेळा तेच कारण असतं. मी वहीत लाल पेनानं लिहिलं: क्र. ११, दूषित, वगळले. आणि अकराव्या जागी माझ्या साडूंना बसवलं. ते बँकेत आहेत. त्यांचा खड्डा पाण्यासारखा आला. शोधनिबंध छान झाला.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी दाजी जिन्यात थांबायला लागले.

आधी आमच्या लक्षात आलं नाही, कारण ते दर मजल्यावर फोन कानाला लावायचे. ‘हां, बोला, हां हां’, असं मोठ्यानं म्हणायचे आणि मग पुढं चढायचे. माझी बायको म्हणाली, दाजींना हल्ली फार फोन येतात. मी म्हटलं, सुपरवायझर झाले असतील. एकदा त्यांच्या मागून चढताना मला दिसलं की फोनचा पडदा काळा होता. मी काही बोललो नाही. त्यांचा मान राहावा म्हणून बोललो नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मग तांदूळ दोन पिशव्यांतून यायला लागला. मग रिक्षावाला वर आणून द्यायला लागला.

भात कापणीला गावी गेले असताना त्यांना ताप आला. तिकडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, ठिपके दिसले, टीबी म्हणून औषधं सुरू केली. थुंकीत जंतू सापडले नव्हते. पण आपल्याकडे छातीत ठिपके आणि अंगात ताप म्हटल्यावर कुणीही हेच करील. अक्कानं सगळे कागद माझ्याकडं आणले. “तू बघ एकदा. तुझ्याशिवाय आमचं कोण हाय?”

मी कागद खालीवर केले. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर काम केलं तिचा फोटो मी खिडकीच्या उजेडात धरला, आणि मला काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर मला फोटो वाचता येतच नाही. मी पेशीवाला आहे. पण तसं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, “कोर्स पूर्ण करा. मधेच सोडायचा नाही.” अक्काला बरं वाटलं. घरात शिकलेलं माणूस असलं की असं बरं वाटतं.

सहा महिने औषधं झाली. लघवी लाल व्हायची, जेवण जायचं नाही. दाजी जमेल तसे कामावर जात राहिले. म्हणजे ती औषधं खाऊन ते पुन्हा त्याच खिडकीशेजारी उभे राहात होते.

शेवटी आमच्याच गल्लीतल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. माझ्या घरापासून तो दवाखाना शंभर पावलांवर आहे. दाजी मधे दोनदा थांबले, एकदा बेकरीसमोर आणि एकदा क्लासच्या पाटीखाली. ह्या वेळी फोन काढला नाही.

डॉक्टरीणबाईंनी फोटो हातात घ्यायच्या आधीच विचारलं, “काम काय करता?”

“फौंड्रीत हाय. फेटलिंगला.”

“किती वर्षं?”

“बावीस झाली की.”

मग त्यांनी फोटो दिव्यावर लावला. एकेका ठिपक्यावरून पेनाचं टोक फिरवलं. टीबी नाही म्हणाल्या. वाळू आहे. एवढी वर्षं ओढलेली वाळू फुप्फुसात बसली आहे आणि तिच्याभोवती फुप्फुसाचं कातडं झालं आहे. वाळू निघत नाही, कातड्याचं परत फुप्फुस होत नाही. काम आजपासून बंद. आता आहे ते जपायचं.

दाजींनी फोटोतल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “मेव्हणं, ह्यो त्योच चोर का? दगडाचा?”

“हो दाजी.”

डॉक्टरीणबाईंना कळेना. त्यांनी मला विचारलं, “तुम्ही कोण?”

“मेव्हणं हायत आमचं,” दाजीच म्हणाले, आणि दम लागलेला असतानासुद्धा त्यांच्या आवाजात जरा ऐट आली. “डॉक्टर हायत त्ये बी.”

“कशाचे?”

खोटं बोलायला जागा नव्हती. मी म्हणालो, “ह्याचाच. वाळूनं येणाऱ्या सुजेचा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खाली बघून औषधं लिहायला लागल्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत जाऊन मी जुनी वही काढली. लाल अक्षर लगेच सापडलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. फॉर्मही फायलीत होता. खोकला: नाही. व्यवसाय: खासगी नोकरी. खाली दाजींची सही, चष्मा नसल्यामुळं ओळीच्या बाहेर गेलेली.

आता इथं थोडं नीट सांगायला पाहिजे, नाहीतर मी स्वतःला उगाच मोठा गुन्हेगार करून घेईन. तीही एक फुशारकीच. एका पिवळ्या खड्ड्यावरून कुणाचंही निदान होत नाही. नळी खरंच दूषित असेलही, आता ते कधीच कळणार नाही. पण परत रक्त घेतलं असतं, आणि ते परत पिवळं आलं असतं, तर मला एक प्रश्न पडला असता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं डब्याच्या खालच्या पुडात आधीच आलेलं होतं. छातीचा फोटो तेव्हा निघाला असता. चार वर्षं आधी.

चार वर्षांची धूळ म्हणजे किती, हे मला कुणी विचारलं तर मी सांगू शकत नाही. एका पाळीत वाटीभर कट्ट्यावर बसायची, एवढं माहीत आहे.

सांगायचं की नाही, ह्यात तीन आठवडे गेले. तोवर शिरोलीत त्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आलं होतं. ते फ्रिजसारखं घरघरतं. दाजी खुर्चीत बसून टीव्हीवर कुस्ती बघत होते, आवाज बंद करून, मशीनच्या घरघरीत आणखी भर नको म्हणून. अक्का भाकरी थापत होती. मी वही पिशवीतून काढली, आणि मग काढलेली वही हातात धरून सगळं सांगितलं. क्रमांक अकरा, हळदीसारखा खड्डा, लाल पेन, साडू.

दाजींनी नाकातली नळी सारखी केली. “त्यावक्ती कळलं असतं तर बरा झालो असतो?”

“बरे नसता झाला. पण एवढं वाढलं नसतं कदाचित.”

“कदाचित.”

“हो.”

“आणि मी काम सोडलं असतं व्हय? पोरीचं लगीन तोंडावर हुतं.” त्यांनी दोन श्वास घेतले. “सोडलं असतं का न्हाय, ते बी आता कुनाला ठावं. पन इचारलं असतं तर बरं झालं असतं.”

एवढंच. नंतर ते कुस्तीकडं बघायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, “साडूंचा खड्डा पाण्यासारखा आला म्हणायचा. बँकेत वाळू न्हाय.”

मला हसू आलं आणि मी हसलो. तेवढ्यात चुलीकडचा थापण्याचा आवाज थांबलेला माझ्या ध्यानात आला. अक्का पिठाचे हात घेऊन दारात उभी होती.

“खासगी नोकरी,” ती म्हणाली. “तू लिवलंस.”

“हो, अक्का.”

“तुला ठाऊक नव्हतं ह्ये काय काम करत्यात? त्यांच्या डब्यातली धूळ तू नेलीस. डबा धुऊन मी परत त्यात चटणी भरली.”

ती आत गेली. त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं, ताटात सगळं होतं, पण ‘अजून घे’ म्हणाली नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

नंतर तिचे फोन बंद झाले. मी केला तर घ्यायची, दाजींना द्यायची. आमच्याकडं गळू, गुडघे आणि रिपोर्ट दाखवायला येणारे नातेवाईकही हळूहळू कमी झाले. अक्कानं कुणाला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण आमच्या घराण्यात न सांगितलेली गोष्ट जास्त लांब जाते. मी आयुष्यभर म्हणत आलो होतो की बाबांनो मी तो डॉक्टर नव्हे. अखेर ते सगळ्यांना पटलं.

पाचेक महिन्यांनी दाजींचा फोन आला. दोन शब्द, एक श्वास, अशा हिशेबानं ते बोलत होते. “मेव्हणं. माझं रगत. परत घ्या.”

“कशाला दाजी? त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. खरं सांगतो.”

“ठावं हाय. शॉपमदी माझ्या जागी. दुसरा उभा हाय. चोविशीतला. त्येला सांगितलं तर हसतोय. कागुद पायजे.”

कागद हा शब्द मला लागला. माझे कागद त्यांनी पाहिले होते, तरी.

तेव्हा आम्ही फौंड्रीतल्या कामगारांचा नवा अभ्यास मांडत होतोच. म्हणजे, वहीनंतर मीच तो मांडायला घेतला होता. एवढं श्रेय घेतो, उशिराचं. त्यात आजारी माणसांसाठी वेगळा फॉर्म आहे, पिवळ्या कागदावर. निरोग्यांचा पांढरा.

ठरलेल्या दिवशी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. दाजींनी जिन्याकडं एकदा बघितलं आणि ते खाली पहारेकऱ्याच्या बाकावर बसले. अक्का त्यांच्या शेजारी, पायाशी ऑक्सिजनचं लहान सिलिंडर. मी वरून फॉर्म आणला. तंत्रज्ञ बाई सामान घेऊन खाली आल्या. त्यांनी दाजींना ओळखलं असावं. त्यांना नमस्कार केला, जो त्या कुणाला करत नाहीत.

मी पेनाचं टोपण काढलं.

“तू लिवू नको,” अक्का म्हणाली. बऱ्याच महिन्यांनी ती माझ्याशी थेट बोलली होती. “दे हिकडं.”

तिनं चष्मा लावला. ती सातवीपर्यंत शिकली आहे. फॉर्म मांडीवर घेऊन तिनं प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचला, जिथं शब्द अवघड होता तिथं बाईंना विचारला, मला नाही. धूम्रपान. तंबाखू. दाजींनी माझ्याकडं बघितलं; मी वर छताकडं बघितलं. “व्हय म्हना की,” अक्का म्हणाली, “मला काय ठाऊक न्हाय?” आणि लिहिलं.

खोकला, दम, ताप. ती नुसती लिहीत होती, विचारत नव्हती.

व्यवसायाच्या रकान्यापाशी ती थांबली. पेन दाजींच्या हातात दिलं आणि फॉर्मखाली स्वतःची पिशवी घातली, टेकू म्हणून. रकाना लहान होता. दाजींनी सावकाश लिहायला घेतलं. फौंड्री. दोन श्वास. फेटलिंग. मग जागा संपली, तर उरलेलं समासात लिहिलं: बावीस वर्षं, खिडकीजवळ.

“मागल्या वक्ताला कागुद पांढरा हुता,” ते म्हणाले.

“हो दाजी.”

त्यांनी फॉर्म उलटून कोरी बाजू बघितली, परत सरळ केला आणि दंड पुढं केला. “घ्या.”

बाईंना शीर सापडायला वेळ लागला. दंड पूर्वीसारखा राहिला नव्हता. नळी भरली, त्यांनी तिच्यावर क्रमांक लिहिला आणि माझ्या हातात दिली. ती कोमट होती. मी जिन्याकडं वळलो तर अक्कानं हाक मारली.

“कसलं बी आलं,” ती म्हणाली, “लाल पेन लावायचं न्हाय.”

“नाही लावणार.”

“मला फोन करून सांगायचं. त्यास्नी न्हाय. मला.”